व्याह्यांचे जुने तारे

आमच्या व्याह्यांइतका निष्ठावंत, आणि तरीही आकाशाकडे इतक्या निश्चिंतपणे पाठ फिरवून झोपणारा ताराप्रेमी शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत मिळून दुसरा सापडणार नाही. दिवेलागणीला त्यांचे जेवण उरकते, त्यानंतर थोड्याच वेळात ते घोंगडीत शिरतात, आणि बाहेर येतात तेव्हा सूर्य कौलांवर आलेला असतो. दुर्बीण त्यांनी कधी डोळ्याला लावली नाही. चष्मा लावायचाही त्यांना कंटाळा. एवढे असूनही ताऱ्यांविषयी ते बोलू लागले, की ऐकणाऱ्याला वाटावे, या गृहस्थांची चार भावकीची घरे तिकडे नांदत असावीत. त्यांना तारे दिसतात ते भाकरीच्या तव्यात, मिठाच्या बरणीत आणि रक्ताच्या तपासणीत. त्यातही जिवंत ताऱ्यांविषयी त्यांना फारशी आस्था नाही. मेलेल्या, किंबहुना स्फोट होऊन मेलेल्या ताऱ्यांविषयी मात्र ते तासन् तास बोलतात, आणि तेही घरातल्या कर्त्या पूर्वजाविषयी बोलावे अशा कृतज्ञतेने.

त्यांच्याविषयी लिहायला बसलो की मला हसू येते, आणि हसू आले की पाठोपाठ मान खाली जाते. कारण त्यांच्या या ज्ञानात एक मोठी चूक होती. ती चूक आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, आणि मी ती दुरुस्त केली नाही. उलट प्रत्येक वेळी ‘अगदी बरोबर’ असे म्हणत राहिलो. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. विद्यार्थ्याने सूत्रातले चिन्ह चुकवले तर मला त्या दिवशी जेवण गोड लागत नाही. व्याह्यांच्या चुकीवर मात्र मी कित्येक महिने मान डोलावली, आणि त्यातून पुढे जे घडले त्यातला माझा वाटा मी पत्नीपासूनही लपवून ठेवला.

पण आधी माणूस कळायला हवा. व्याही मुरबाडच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे तालुक्यात येणाराजाणारा प्रत्येक जीव कधी ना कधी त्यांच्या भोंग्याखालून गेलेला आहे. निवृत्तीला काही वर्षे झाली तरी तो भोंगा त्यांच्या घशातून उतरलेला नाही. ते प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात. पहिल्यांदा जे ऐकत नाहीत त्यांच्यासाठी, आणि दुसऱ्यांदा जे ऐकून विसरतात त्यांच्यासाठी. आमच्या मुलाची सोयरीक ठरवायला आम्ही त्यांच्या गावी गेलो, तेव्हा ‘मुलगी चहा घेऊन येत आहे’ असे त्यांनी ओटीवर जाहीर केले, आणि मागे राहिलेला प्रवासी पोचावा इतका वेळ थांबून, ‘मुलगी चहा घेऊन येत आहे’ असे पुन्हा जाहीर केले. मुलगी चहा घेऊन आली नाही. ती आतल्या खोलीत पुण्याच्या आपल्या मार्गदर्शक बाईंशी संगणकावर बोलण्यात गुंतली होती. शेवटी व्याही स्वतःच चहा घेऊन आले आणि कपबशा मांडता मांडता म्हणाले, “ती गाडी रद्द झाली. पर्यायी गाडीची सोय केली हाय.” माझ्या पत्नीने सोयरीक मनात पक्की केली ती त्याच क्षणी.

आमच्या सूनबाईचा संशोधनाचा विषय म्हणजे अतिशय प्राचीन तारे आणि त्यांच्यात कोणते द्रव्य किती आहे, हा. तिने तो आम्हाला जेवताना समजावून सांगितला होता. विश्वाच्या आरंभी हायड्रोजन आणि हेलियम एवढेच होते, बाकी सगळे नावापुरते. पहिले तारे त्यांचेच झाले, प्रचंड झाले, आणि म्हणूनच अल्पायुषी ठरले. त्यांनी आपल्या पोटात कार्बन, ऑक्सिजन, मॅग्नेशियम, लोह असे एकेक शिजवले आणि शेवटी स्फोट होऊन ते अवकाशात उधळून दिले. त्या उधळणीतून पुढचे तारे जन्मले. त्यांच्यातले काही लहानखुरे, काटकसरीने जळणारे तारे अजूनही तेवत आहेत. त्यांचा प्रकाश पट्ट्यापट्ट्यांनी उलगडला की त्यांच्या अंगी काय आहे ते कळते, आणि त्यावरून, ज्या पहिल्या ताऱ्याला कुणी कधी पाहिलेले नाही, तो कसा मेला आणि मरताना काय देऊन गेला, हे ताडता येते. मी हे ऐकून ‘वा’ म्हटले आणि ताक वाढून घेतले. व्याह्यांचा घास मात्र हातातच राहिला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “म्हणजे आजा कसा व्हता ते नातवाच्या अंगावरून वळखायचं.” आणि मग, अर्थातच, ते पुन्हा एकदा म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांना जगात दुसरा विषय उरला नाही, आणि याचे कारण मला त्यांच्या नोकरीत सापडते. आयुष्यभर त्यांनी माणसांना एकच प्रश्न विचारला होता: कुठून आलात आणि कोणत्या मार्गे? बाईच्या टोपलीवरचे फडके पाहून ती टोकावड्याकडची की धसईकडची हे ते सांगत, आणि पुरुषाच्या चपलेवरच्या मातीवरून त्याची कोणती गाडी चुकली असेल याचा अंदाज बांधत. आता तोच प्रश्न ते वस्तूंना विचारू लागले. आमच्याकडे आले असता माझी पत्नी भाकरी थापत होती. व्याह्यांनी चुलीवरच्या तव्याकडे आदराने पाहिले आणि तो कुठून आला असे विचारले. वाशिंदच्या बाजारातून, असे तिने सांगितले. “विहीणबाई, वाशिंद हा मधला थांबा झाला,” ते समजुतीने म्हणाले, “सुटायचं ठिकान नव्हं.” मग त्या तव्यातले लोखंड कोणत्या तरी ताऱ्याच्या पोटात कसे शिजले, तो कसा फुटला, हे भाकरी करपेपर्यंत त्यांनी सांगितले. पत्नीने करपलेली भाकरी त्यांच्याच ताटात वाढली आणि म्हणाली, “घ्या, ही पण त्या ताऱ्यापायीच.” त्यांनी ती आनंदाने खाल्ली. त्यानंतर आमच्या घरी तव्याला ‘मधला थांबा’ असे नाव पडले, आणि पत्नी माझ्याकडे मधला थांबा मागू लागली की शेजारचे लोक चमकत.

आता त्यांच्या चुकीकडे येतो. ती इतकी नैसर्गिक, इतकी आमच्या मातीतली होती, की शहरातल्या माणसाच्या हातून ती कधी झालीच नसती. आमच्याकडे भाताची रोपे करण्यापूर्वी त्या तुकड्यावर उन्हाळ्यात राब भाजतात. शेण, झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत असे थर रचून वर माती पसरायची आणि पेटवून द्यायचे. त्या राखेवर रोप असे तरारते की पाहत राहावे. सुनेचे बोलणे ऐकल्यावर व्याह्यांनी ताऱ्याच्या स्फोटाला ताबडतोब राबाशेजारी नेऊन बसवले. आधीच्याने जळायचे, राख द्यायची, पुढच्याने त्यावर उगवायचे. स्वतःच्या शेतात राब पेटवताना ते कामावरच्या बायकांना हे सगळे समजावू लागले, तेव्हा एक वयस्क बाई कोयता खाली न ठेवता म्हणाली, “राखंवर रोप येतं ते आमाला ठावं हाय, दादा. तुमाला आज कळलं व्हय?” व्याही म्हणाले, “मला आज कळलं,” आणि हे त्यांनी इतक्या प्रांजळपणे म्हटले की बायकाच ओशाळल्या.

इथवर सगळे सुरेखच होते. पण व्याही तिथे थांबले नाहीत. ज्या तुकड्यावर आजोबांच्या काळापासून राब भाजले जातात, तो तुकडा सगळ्यांत सकस असतो, हे मुरबाडात कुणीही सांगेल. तेव्हा तारा जितका जुना, तितके त्याच्यात लोह अधिक, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वास्तव नेमके उलट आहे. जो तारा फार आधी जन्मला, त्याच्या जन्मापूर्वी फारसे स्फोटच झालेले नव्हते. त्याला लोह मिळणार कुठून? अतिप्राचीन तारा ओळखायचा तोच मुळी लोहाच्या दुष्काळावरून. सूनबाईने हे त्या जेवणातच सांगितले होते, पण तोवर व्याही आपल्या शेतात पोचले होते.

या सिद्धान्ताचे उपयोगही ते करू लागले. एकदा त्यांना थकवा वाटत होता म्हणून मुरबाडच्या डॉक्टरांनी रक्त तपासले आणि लोह कमी असल्याचे सांगून गोळ्या लिहून दिल्या. व्याही खुर्चीवरून उठायला तयार होईनात. पासष्टी ओलांडलेल्या माणसात लोह कमी कसे असेल, तरुणात असेल तर समजू शकतो, अशी त्यांनी हुज्जत घातली. डॉक्टरांनी वयाचा आणि लोहाचा संबंध विचारला, तेव्हा व्याह्यांनी त्यांना विश्वाच्या आरंभापासून घेतले. बाहेर रुग्णांची रांग वाढत गेली. अखेर डॉक्टरांनी सांगितले, की काका, तुम्ही सांगता ते वर चालत असेल, खाली गोळ्या घ्या. सूनबाईकडून त्यांनी असेही ऐकले होते, की काही तारे फुटताना कार्बन बाहेर टाकतात पण आतले लोह बरेचसे पुन्हा स्वतःतच गिळून घेतात, त्यामुळे त्यांच्या पाठचे काही तारे लोहाला मोताद आणि कार्बनाने गबर असतात. असा तारा म्हणजे आपल्या शेजारच्या घराण्यासारखा, असे त्यांचे म्हणणे. लग्नात वरण साऱ्या गावाला वाढले आणि लाडू कोठीत ठेवून कुलूप लावले. पण लोहाने गरीब असे ते प्राचीन तारे त्यांच्या लेखी अपवाद होते. तो अपवाद नसून रीतच आहे, हे मला माहीत होते. मी म्हणालो, “अगदी बरोबर.”

मी असे का केले, याचा विचार मी पुढे पुष्कळ केला. एक कारण मी स्वतःला वारंवार दिले, ते म्हणजे व्याह्यांचे नाते. मुलाकडच्या माणसाने मुलीच्या बापाची चूक काढली, की ते चूक काढणे राहत नाही, तोरा होतो. आमच्या घराण्यात असे तोरे झालेले मी पाहिले आहेत, आणि माझ्याकडून तसे घडू नये असे मी लग्नाच्या मांडवातच ठरवले होते. हे कारण खोटे नाही, पण पुरेही नाही. खरे असे, की ती चूक मला आवडत असे. डॉक्टरांशी घातलेली हुज्जत मी दुसऱ्या दिवशी शाळेत शिक्षकांच्या खोलीत व्याह्यांच्या आवाजात, दोन-दोनदा, करून दाखवली. माझ्यासारख्या हळू बोलणाऱ्या माणसाकडे सहसा कुणी वळून पाहत नाही. त्या दिवशी सगळे हसले. चूक दुरुस्त झाली असती तर माझ्याकडे सांगायला काय उरले असते?

आता व्याह्यांची बहीण. त्या त्यांच्याहून मोठ्या, माहेरी येऊनजाऊन असणाऱ्या, आणि भाचीच्या शिक्षणाविषयी मनापासून साशंक. सगळे त्यांना आत्या म्हणतात. तारे बघून पोट भरते का, हा त्यांचा कायमचा प्रश्न. पुण्याला एवढी वर्षे शिकून पोरगी निदान पत्रिका तरी बघते का, म्हणजे गावातल्या चार मुलींची लग्ने मार्गी लागतील, असेही त्या अधूनमधून सुचवत. व्याही यावर एरवी हसून सोडून देत, पण ते त्यांना लागत असे. सूनबाईला पदवी मिळाली आणि गावाने तिचा सत्कार ठरवला, तेव्हा व्याह्यांनी एक गोष्ट मनाशी धरली. आपण उभे राहून, आपल्या तोंडाने, आपली मुलगी नेमके काय करते हे गावाला सांगायचे. बहिणीलाही. आणि मुलीला त्याचा आधी पत्ता लागू द्यायचा नाही.

तिला विचारता येईना, म्हणून ते माझ्याकडे आले. एकदा नव्हे, अनेकदा, मुरबाडहून शहापूरला, त्या खडखडत्या एसटीने. आमच्या ओटीवर उभे राहून ते भाषण म्हणून दाखवत, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून माझ्याकडे पाहत. त्यांचा विश्वास पाहून खरे तर कुणीही शुद्धीवर आले असते. “पाव्हणे, तुमी विज्ञानाचे. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी सांगा. माज्या बायच्या विद्येचा सवाल हाय.” जुन्या ताऱ्यात लोह भरपूर, हे वाक्य आले. माझ्या जिभेवर शब्द आला. स्वयंपाकघरात पत्नी कान देऊन होती, व्याह्यांच्या कपाळावर प्रवासाचा घाम होता, आणि मला वाटले, गावातल्या सत्कारात कोणाला काय कळणार आहे. मी मान डोलावली.

सत्कार दिवाळीनंतर, दुपारच्या वेळी, गावच्या देवळाच्या सभामंडपात झाला. भगिनीवर्ग जाजमावर डावीकडे, पुढे खुर्चीवर आत्या, आणि प्रमुख पाहुणे म्हणून कल्याणच्या बाजूचे एक प्राध्यापक, तेही पदार्थविज्ञानाचे. त्यांना बोलावले आहे हे मला तिथे पोचल्यावर कळले. व्याही ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले आणि, मी खरेच सांगतो, ते फार सुंदर बोलले. पहिला तारा कसा एकटाच, ज्याच्या आधी कुणीच नव्हते. तो कसा जळला, फुटला आणि सगळे देऊन गेला. आपल्या हाडांतला चुना आणि बांगडीतले सोने कसे कुणाच्या तरी मरणातून आले. आणि आपली मुलगी त्या मेलेल्यांचा शोध कसा जिवंतांच्या अंगावरून लावते. बायका टाळ्या वाजवायचे विसरून ऐकत होत्या. मग त्यांनी राब आणला, आजोबांच्या वेळचा सकस तुकडा आणला, आणि दोनदा, स्पष्ट शब्दांत सांगितले, की तारा जितका जुना तितके त्यात लोह अधिक.

प्राध्यापक माणूस वाईट नव्हता. आपल्या भाषणात त्याने व्याह्यांचे कौतुक केले आणि जाता जाता, हसत, म्हटले की काकांचे फक्त एवढेच उलटे झाले. जुन्या ताऱ्यांत लोह जवळजवळ नसतेच, आणि नेमका हाच तर आपल्या सत्कारमूर्तीचा विषय आहे. लोक हसले. गावचे हसणे, त्यात विष नव्हते. पण आत्या शेजारणीकडे वळून, मंडपाच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “बापालाच ठावं नाय, मंग पोरीनं काय शिकलंन कोन जाणे.” व्याही उभेच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ध्वनिक्षेपक हातात घेऊन ते एवढेच म्हणाले, “माजंच आयकन्यात चुकलं. बायनं बरोबरच सांगितलं व्हतं.” नुसते ‘पाव्हण्यांनी तपासून दिले होते’ असे म्हणाले असते, तर हसणे त्यांच्यावरून उठून माझ्यावर येऊन बसले असते. त्यांनी आपल्या व्याह्याचे, म्हणजे माझे, नाव खाली जाऊ दिले नाही. आणि मी समोरच्या जाजमाच्या काठाकडे पाहत बसलो.

सूनबाई नंतर उठली. तिने बापाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, की राबाचे उदाहरण तिला स्वतःला कधी सुचले नाही, आणि ते अचूक आहे. फक्त तारा म्हणजे ती जमीन नव्हे. तारा म्हणजे त्या जमिनीत आलेले भात. पहिल्याच राबावर आलेले भात कुणी कणगीत तसेच जपून ठेवले असेल, तर त्यात एकाच राबाचे सत्त्व असणार, नंतरच्या कुठल्याच राबाचे नाही. असे जुने दाणे शोधणे हेच आपले काम. मंडपाला हे क्षणात कळले. प्राध्यापकांनीही मान हलवली. पण व्याह्यांच्या कानांपर्यंत ते पोचले नसावे. परतताना सूनबाईने त्यांना विचारले, की बाबा, तुम्हाला हे असे कुणी सांगितले? मी दोन पावले मागे होतो. “कुनी नाय गो,” ते म्हणाले. “मीच.”

त्यानंतर व्याही बदलले. भांडण नाही, अबोला नाही. सणावाराला आले, नातेवाइकांची चौकशी केली, भाकरी खाल्ली. पण ते आता प्रत्येक गोष्ट एकदाच सांगू लागले. ज्याला हे ठाऊक नाही त्याला ते सुधारल्यासारखेच वाटले असते. माझ्या पत्नीला मात्र ते एकदम जाणवले. “व्याही आले, चुलीशी बसले, आणि तव्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही,” ती म्हणाली. “तुम्ही त्यांना काही बोललात का?” मी नाही म्हणालो. हे उत्तर शब्दशः खरे होते, आणि त्याच्याइतके लाजिरवाणे खरे मी आयुष्यात दुसरे बोललेलो नाही. शाळेत शिक्षकांच्या खोलीत कुणी तरी विचारले, तुमच्या व्याह्यांचे नवीन काय? माझ्याकडे सांगायला काही नव्हते. एक माणूस आनंदाने बोलत होता, आणि त्याला गप्प करणारा मीच होतो, तेही तोंडातून एक कठोर शब्द न काढता.

या उन्हाळ्यात आत्यांच्या डोळ्याचे शहापूरला ऑपरेशन झाले. व्याही त्यांना न्यायला आले होते, आणि मी दोघांना पोचवायला स्थानकावर गेलो. गाडी लागली. काळा चष्मा लावलेल्या आत्यांना त्यांनी पुढच्या बाकावर बसवले आणि आपण मागच्या बाकावर बसले. मी खिडकीखाली उभा राहून निरोप घेत होतो. मग काय झाले मला सांगता येत नाही. मी दाराकडे गेलो आणि गाडीत चढून त्यांच्या शेजारी बसलो. माझ्याजवळ पिशवी नव्हती, पायात घरातल्या चपला होत्या. व्याही म्हणाले, “कुठं?” आयुष्यभर लोकांना ‘कुठून’ असे विचारलेला माणूस आता मला ‘कुठं’ विचारत होता. मुरबाड, असे मी म्हणालो.

गाडी गावाबाहेर पडली. दोन्ही बाजूंना राब भाजायला सुरुवात झाली होती आणि निळसर धूर खिडक्यांतून आत येत होता. गेल्या वर्षी याच धुरात त्यांनी सबंध गाडीला विश्वाची उत्पत्ती सांगितली असती, आणि वाहकाने तिकिटे फाडायची थांबवली असती. ते म्हणाले, “धूर येतो, काच लावा.” एकदाच म्हणाले. मी काच लावली, आणि मला वाटले, आता नाही तर कधीच नाही.

मी नेहमीच्या आवाजात, म्हणजे जवळजवळ मनातल्या मनात, बोलायला सुरुवात केली. “काय?” व्याही म्हणाले. मी पुन्हा बोललो. त्या गाडीचा प्रत्येक पत्रा वेगळ्या सुरात वाजत होता. “मोठ्यानं बोला पाव्हणे, गाडी जुनी हाय.” पुढून आत्यांनी मान न वळवता विचारले, “सर काय म्हन्तात रं?” व्याही म्हणाले, “कायतरी क्षमाबिमा म्हन्तात. नीट कळत नाय.” “कोनाला क्षमा?” “तेच तर इचारतो.” वाहक दांडीला धरून उभा होता, त्याने माझ्याकडे वाकून, अगदी आस्थेने सांगितले, “काका, घसा साफ करून एकदाच मोकळं बोला. दोघांना बी आयकू जात नाय.” मागच्या बाकावरच्या दोन बायका सरसावून बसल्या. पन्नाशी उलटली तरी मी कधी वर्गाबाहेर आवाज चढवला नव्हता, आणि वर्गातही क्वचितच. मी छातीत हवा भरून घेतली. आणि सापगावच्या थांब्याजवळ रस्ताभर म्हशी आडव्या आल्या म्हणून चालकाने त्याच क्षणी गाडी थांबवून इंजिन बंद केले. पत्रे गप्प झाले. आणि आत्यांसकट सबंध गाडीला माझा आवाज ऐकू आला.

“व्याहीबुवा, चूक तुमची नव्हती, माझी होती. जुन्या ताऱ्यात लोह कमी असतं, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तुम्ही विश्वासानं विचारत होतात आणि मी बरोबर म्हणत होतो, आणि तुमच्या माघारी हसत होतो. देवळात तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत, आणि मी तोंड उघडलं नाही. तुमच्या मुलीची विद्या तुम्ही बरोबरच सांगितली होती, बिघडवली ती मी. मला क्षमा करा.”